गुरुजी म्हणाले 'वासना राहिलीय' आणि वहिनी भडकल्या: इच्छा, वासना, हौस, तलफ... यांत नेमका फरक काय?

कारंज्यावरची डीटीपीवाली

रविवार कारंजाजवळच्या बोळात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांत, दशक्रियेचे निरोप, वर्षश्राद्धाच्या स्मरणिका, जे येईल ते. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे, मी माउस फिरवते, एवढाच फरक. १९ वर्षं दुसऱ्यांची सुखदुःखं टाइप केल्यावर कुठला शब्द कुठे बसतो ते हाताला आपोआप कळायला लागतं. या वेळी मात्र हात अडकलाय, कारण काम घरचं आहे.

माझी आत्या मागच्या वर्षी गेली. वय ८१. अख्खा संसार पंचवटीत झाला. दहाव्याला आम्ही गंगेवर गेलो. (बाहेरच्यांसाठी: नाशिकचा माणूस गोदावरीला गंगाच म्हणतो.) रामकुंडाच्या बाजूला पिंड ठेवले. कावळ्यांना तिथे तोटा नाही. शेजारच्या दोन कुटुंबांचे पिंड शिवून झाले, मंडळी आवरून निघाली. आमच्याकडे एक कावळा आला, मान वाकडी करून बघितलं आणि उडून गेला.

मग सुरू झालं. थोरला आत्येभाऊ हात जोडून म्हणाला, "आई, घर विकणार नाही." कावळा नाही. धाकटा म्हणाला, "दादाशी भांडणार नाही." (यावर तर आमचाही विश्वास बसला नाही, कावळ्याचा काय बसणार.) वहिनी म्हणाल्या, "नातीचं लग्न थाटात करू." नाही. अर्धा तास गेला, ऊन चढलं. गुरुजींना पुढचं काम होतं. ते म्हणाले, "काही वासना राहिलीय हो त्यांची. नाहीतर दर्भाचा कावळा करू."

झालं! वहिनी भडकल्या. "८१ वर्षांच्या बाईबद्दल वासना म्हणता? लाज वाटत नाही?" गुरुजी बिचारे चाचरले. "अहो, वासना म्हणजे इच्छाच हो." "मग इच्छा म्हणा की!" दहाव्याच्या विधीत शब्दार्थावरून भांडण झालेलं आमचं बहुधा पहिलंच घर.

हे चालू असताना शेजारच्या काकू पुढे आल्या. आत्या रोज दुपारी त्यांच्याच ओट्यावर बसायची. त्यांनी कमरेची डबी काढली, चिमूटभर मिसरी पिंडाशेजारी पत्रावळीवर ठेवली आणि मागे सरकल्या. एक अक्षर बोलल्या नाहीत. कावळा आला, शिवला.

मला यातून काही सिद्ध करायचं नाही, कावळ्याला तेव्हाच भूक लागली असेल. पण आत्या मिसरी लावल्याशिवाय सकाळी कुणाशी बोलायची नाही, आणि शेवटचे दोन महिने डॉक्टरांनी ती बंद केली होती. डबी आम्हीच माळ्यावर लपवली होती. घरी येताना रिक्षात कुणी कुणाकडे बघितलं नाही.

आता प्रश्न. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे, १६ पानी स्मरणिका काढतोय. भावाने मॅटर दिलं: "आईच्या सर्व इच्छा-आकांक्षा पूर्ण झाल्या आणि ती तृप्त मनाने गेली." हे वाक्य मी लोकांसाठी कितीदा टाइप केलंय त्याचा हिशोब नाही. आत्यासाठी मात्र टाइप होईना. एक तर ते खरं नाही. आणि 'आकांक्षा' तिच्या अंगाला बसत नाही. आकांक्षा म्हटलं की मला स्पर्धा परीक्षेच्या क्लासचा फ्लेक्स दिसतो. मनीषा, अभिलाषा या तर माझ्या वर्गातल्या मुली. हौस म्हणावं, तर मिसरीची काय हौस असते? तलफ म्हणावं, तर स्मरणिकेत तलफ छापायची?

याआधीही एकदा अडकले होते. एका मुलाने स्वतःच्या लग्नपत्रिकेतून 'आपला लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा' ही ओळ काढायला लावली. का, तर म्हणे, "पाहुण्यांना लोभी म्हणायचं का?" हसले आणि काढली. आज वाटतं, त्याला समजावून सांगायला मला तरी कुठे येत होतं.

जाणकारांनी सांगा. कोशातले अर्थ नकोत, ते मी सार्वजनिक वाचनालयात बसून बघून आले. तिथे इच्छेपुढे वासना लिहिलंय आणि वासनेपुढे इच्छा.

---

निवृत्त बाई, गंगापूर रोड

तुमच्या गुरुजींचं चुकलं नाही आणि वहिनींचंही नाही. दोघे एकाच शब्दाच्या दोन वेगवेगळ्या शतकांत उभे होते.

३१ वर्षं संस्कृत शिकवलं, त्यामुळे थोडं लांबेल. वासना हा शब्द 'वास'शी जोडलेला आहे. वास म्हणजे राहणं, आणि वास म्हणजे गंधही. जुने शास्त्रकार तिळाचं उदाहरण देत. तीळ फुलांमध्ये ठेवले की फुलांचा वास तिळांत उतरतो, फुलं काढून टाकली तरी तेलाला तो येतो. तसं माणूस जे करतो, भोगतो, ते संपून जातं, पण त्याचा वास मनात मुरून राहतो. ती वासना. पतंजलीच्या योगसूत्रांत चौथ्या पादात ती याच अर्थाने आलीय, आणि तिथे ती एका जन्मातून दुसऱ्यात जाते. म्हणजे गुरुजी 'राहिलीय' म्हणाले ते अगदी बरोबर. वासना राहतेच, तोच तिचा धर्म. इच्छा अशी राहत नाही, ती पुरी होते किंवा सुटते.

इच्छा आली 'इष्' धातूपासून. त्यातूनच इष्ट, त्यातूनच एषणा, आणि अन्वेषणही. त्यात शोधणं आहे, कशाच्या तरी दिशेने जाणं आहे. त्यामुळे इच्छेला समोर काहीतरी लागतं, अमुक हवं, तमुक व्हावं. वासनेला समोर काही लागत नाही. ती मागे असते.

मराठीत या शब्दाचा जुना, स्वच्छ अर्थ परवापरवापर्यंत होता. माझी आई आजारी माणसाबद्दल म्हणायची, "त्यांची अन्नावरची वासनाच उडालीय." यात काही अश्लील आहे का? भूक नाही, चव नाही, जेवणाकडे मन वळत नाही, हे सगळं एका शब्दात. आता वर्तमानपत्रात वासना फक्त गुन्ह्याच्या बातमीत येते, 'वासनांध' म्हणून. शब्दाचं राहतं घर गेलं आणि पोलीस ठाण्यात मुक्काम पडला, असं झालंय.

'काम'चीही तीच गत. चार पुरुषार्थांत काम आहे, धर्म आणि अर्थाच्या बरोबरीने, आदराने. आणि सहा शत्रूंच्या यादीतही पहिला तोच. एकाच परंपरेने एकच शब्द देव्हाऱ्यातही ठेवला आणि चोरांच्या यादीतही घातला. आणि हो, 'आज खूप काम आहे' यातलं काम वेगळं. ते 'कर्म'वरून प्राकृतातल्या 'कम्म'मधून आलंय. दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, म्हणून आधीच सांगून टाकते.

आकांक्षेबद्दल मात्र तुमच्याशी थोडं भांडते. व्याकरण-न्यायशास्त्रात आकांक्षा हा फार सुंदर शब्द आहे. नुसतं 'गाय' म्हटलं की ऐकणाऱ्याला पुढचं हवं असतं: गाय काय? आली? हरवली? एका शब्दाला दुसऱ्या शब्दाची जी गरज असते तिला आकांक्षा म्हणतात. तुमचं अडलेलं वाक्य आहे ना, त्याला आकांक्षा आहे. आत्याला नसेल.

---

कारंज्यावरची डीटीपीवाली

बाई, 'अन्नावरची वासना' वाचून अंगावर काटा आला. आत्याच म्हणायची हे! मीच विसरले होते. वहिनींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हे ठीक आहे, पण तिथे चारचौघांत गुरुजींनी अन्न म्हटलं नव्हतं."

---

दिंडोरीचा बागाईतदार

नमस्कार ताई. मी काय जाणकार नाही, द्राक्षवाला आहे. पण आमच्या धंद्यात हे शब्द रोज लागतात म्हणून लिहितो.

ऑक्टोबर छाटणी झाली की डोळे फुटतात, घड दिसायला लागतात. तेव्हा जी असते ती आस. हातात काही नाही, कोवळा कोंब आहे, त्यावर वर्षाचं कर्ज उभं आहे. रात्री पाऊस आला तर फुलोऱ्यात गळ. आस लावून बसतो म्हणजे काहीच करता येत नाही, फक्त आकाशाकडे बघायचं. आशा म्हटलं की जरा धीर असतो. आशेत धीर आहे, आसेत जीव टांगलेला.

मग विरळणी. आता हाव कळते. वेलीला झेपतील तेवढेच घड ठेवायचे, बाकीचे कापायचे. कात्री चालवताना हात थरथरतो, एवढे चांगले घड खाली पडताना बघवत नाही. माझ्या चुलत्यांनी एका साली कापलेच नाहीत. "देवाने दिलंय, कशाला टाकायचं." मणी फुगले नाहीत, साखर उतरली नाही, व्यापारी बागेच्या कडेनेच परत गेला. आणि वेल पुढच्या सालीसुद्धा थकलेली. आमच्याकडे अजून म्हणतात, चुलत्याची हाव वेलीने फेडली.

पण बघा, चुलते स्वतः कधी म्हणाले नाहीत की मला हाव सुटली. ते म्हणायचे, "मला बागेची हौस आहे." हाव नेहमी दुसऱ्याला असते. मी ट्रॅक्टर घेतला ती माझी गरज, शेजाऱ्याने घेतला ती हौस, आणि मेव्हण्याने घेतला ती हाव.

अजून एक. ओढ. बायकोला माहेरची ओढ असते तेव्हा ती माणसाला ओढते. पण आम्ही 'पावसाने ओढ दिली' म्हणतो तेव्हा पाऊस यायचा थांबलेला असतो. एकाच शब्दात येणंही आहे आणि न येणंही. जूनमध्ये पावसाने ओढ दिली की पावसाची ओढ लागते, अशी गंमत.

काकूंनी मिसरी ठेवली ते बेस्ट केलं.

---

बोळातला इंजिनियर

हौस म्हणजेच हवस हे कुणाला माहितीय का? सीरियसली. फारसीतून आलेला एकच शब्द. हिंदीत तो हवस झाला, आणि हिंदी सिनेमात हवसचा पुजारी कोण असतो ते सगळ्यांना माहीत आहे. मराठीत तोच हौस झाला आणि आपण त्याची हौशी नाट्यस्पर्धा भरवतो, "हौसेला मोल नाही" म्हणतो, लेकीची हौस पुरवतो. उत्तर प्रदेशातल्या माझ्या रूममेटला मी एकदा हे सांगितलं. आता माझी आई फोनवर "हौसेने केलंय रे" म्हणाली की तो खोलीबाहेर जाऊन हसतो.

---

निवृत्त बाई, गंगापूर रोड

बरोबर आहे. मूळ अरबी, फारसीतून आपल्याकडे आला. म्हणजे बघा, 'वासना' योगशास्त्रातून निघाली आणि घसरली, 'हवस' लहरीतून आणि वेडातून निघाला आणि आपल्या स्वयंपाकघरात पुरणपोळी करायला लागला. शब्दांची कुंडली मांडता येत नाही. कुंभमेळ्याला येणाऱ्यांबद्दल आपण 'हौशे, नवशे, गवशे' म्हणतो, त्यात तिन्ही जातींचं हवं असणं आलं. एकाला मजा हवी, एकाला देवाशी केलेला करार पुरा करायचाय, आणि तिसऱ्याला काही सापडलं तर हवंय, चप्पल का असेना.

---

त्रिरश्मी

आमच्या घरी पिंड ठेवत नाहीत. आजोबा १९५६ नंतर धम्मात आले आणि कावळ्याचा प्रश्न संपला. पण शब्दांचा प्रश्न आमच्याकडेही आहे, म्हणून लिहितो.

ज्यांना तुम्ही पांडवलेणी म्हणता त्या त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी आम्ही राहतो. लहानपणी रविवारी वंदनेला जायचो. तिथे पहिल्यांदा 'तण्हा' ऐकला. दुःखाचं कारण तण्हा. तीन प्रकारची: सुख भोगायची, असत राहायची, आणि नसून जायची. त्या तिसऱ्या प्रकाराने मी तेव्हा घाबरलो होतो, 'मला काहीच नको' ही पण तण्हाच!

मग पायऱ्या उतरताना घसा कोरडा पडायचा आणि आई म्हणायची, "तहान लागली ना?" खूप वर्षांनी कळलं की तहान म्हणजे तीच तण्हा. संस्कृत तृष्णा, प्राकृत-पाली तण्हा, मराठी तहान. म्हणजे आपण पाण्याच्या बाटलीसाठी जो शब्द वापरतो तोच बुद्धाने सगळ्या दुःखाच्या मुळाशी ठेवला. मला हे आवडतं, कारण त्यात शिवी नाही. तहान लागल्याबद्दल कुणी कुणाला पापी म्हणत नाही. ती लागते, आणि खारं पाणी प्यायलं तर वाढते.

आणि पालीत दुसरा शब्द आहे, छंद. म्हणजे काही करावंसं वाटणं. तो वाईटच असतो असं नाही. चांगलं करण्याचा छंद लागतो, त्याशिवाय कुणी मार्गाला लागणारच नाही. मराठीत छंद म्हणजे तिकिटं जमवणं झालं, पण 'स्वच्छंद'मध्ये जुना अर्थ अजून बसलेला आहे.

ताई, मिसरीला मी तहान म्हटलं असतं. पण तुम्ही छापाल असं वाटत नाही.

---

सिडकोची सिस्टर

एवढे सगळे बोलले आणि डोहाळ्यांचं कुणालाच आठवलं नाही, पुरुष जास्त दिसतात इथे.

प्रसूती वॉर्डात २२ वर्षं काढली. भिंतीची माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ, काय काय खाताना पकडलंय बायकांना. (माती खाणारीचं हिमोग्लोबिन आधी बघा, लाड नंतर करा.) डोहाळे हा शब्द 'दोहद'वरून. सुश्रुताने गरोदर बाईला दौहृदिनी म्हटलंय, कारण तिच्यात दोन हृदयं असतात. म्हणजे हवं कुणाला वाटतंय हेच नक्की नाही! तिला की आतल्याला? म्हणून डोहाळ्यांना कुणी नाही म्हणत नाही. बाईला आयुष्यात एकदाच जे मागेल ते मिळतं, कारण ते तिने मागितलं असं धरत नाहीत.

तेच एरवी तिने काही वेगळं मागितलं की 'भिकेचे डोहाळे'.

मला विचाराल तर जाणाऱ्या माणसाचेही डोहाळे असतात. शेवटच्या दिवसांत म्हातारी माणसं काहीतरी विचित्रच मागतात. एक आजोबा नुसता बर्फ मागायचे. एका आजींना हात धुवायचा होता, सारखा. मला नर्स म्हणून नाही म्हणावं लागतं बऱ्याचदा, आणि मी म्हणतेही. पण डबी लपवल्याचं तुम्ही लिहिलंत, तर एवढंच सांगते: दोन महिने बंद ठेवून डॉक्टरांना काय साधायचं होतं ते त्यांनी तुम्हाला नीट सांगायला हवं होतं. तुमचा दोष नाही त्यात.

---

कारंज्यावरची डीटीपीवाली

सिस्टर, तुमचं वाचून दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि पाच मिनिटं बसले. बरं वाटलं.

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी भाऊ, वहिनी आणि मी आत्याच्या घरी बसलो. काकूंनाही बोलावलं. 'इच्छा-आकांक्षा' सगळ्यांच्या संमतीने गेल्या. 'तृप्त मनाने' मी काढला, भावाने परत घातला, वहिनींनी काढला. मग मी हे लिहून दाखवलं:

"अन्नावर तिची शेवटपर्यंत वासना होती, माणसांवर लोभ होता, आणि मिसरीची तलफ होती."

वाटलं होतं वहिनी वासनेवरून पुन्हा उठतील. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "अन्नावर आहे ना, मग राहू दे. पण तलफ नको. तलफ दारुड्याला येते." भाऊ म्हणाला 'आवड' लिही. मिसरीची आवड! जसं काही आत्या मिसरीचं प्रदर्शन बघायला जायची. धाकटा म्हणाला 'सवय'. ते खरं आहे, पण सवय तर मलाही बसच्या खिडकीची आहे. सवयीसाठी माणूस पहाटे साडेचारला उठून अंधारात माळ्यावर हात फिरवत नाही. हे मी बोलून गेले आणि एकदम शांतता झाली. कारण तिला माळ्यावर शोधताना बघितलंय हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

काकू तोवर काहीच बोलल्या नव्हत्या. त्यांनी कागद जवळ घेतला. त्यांना वाचायला चष्मा लागतो, तो आणला नव्हता, म्हणून मला मोठ्याने वाचायला लावलं. ऐकून म्हणाल्या, "लोभ माणसांवर होता म्हणतेस ते बरोबर. सगळ्यांवर नव्हता पण. थोरल्या जावेवर नव्हता." भाऊ हसला. मग म्हणाल्या, "आणि तलफच लिही. ती स्वतः तेच म्हणायची. 'बाई, तलफ आली गं, डबी दे.' मी काय 'इच्छा झाली' म्हणून डबी देत होते?"

वहिनींनी प्रूफवर लाल पेनाने तलफ कापली. काकू गेल्यावर भावाने बाजूला 'राहू द्या' लिहून सही केली. वहिनींनी त्या सहीखाली प्रश्नचिन्ह काढलंय. पान ११ आहे. शुक्रवारी छपाईला द्यायचं, तोवर त्या दोघांचं जे ठरेल ते.

इंजिनियर दादा, हौसचं आत्याच्या नातवाला सांगितलं. तो अजून हसतोय.